बॅकअपचं बिऱ्हाड: एका साखर कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळी बॅकअपच्या मशिनच्या डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कनं स्वतः दिलेला तब्येतीचा अहवाल, काढला. पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडणारे संशयित भाग, ४८. पंधरा दिवसांपूर्वी १६ होते. आता हे काम पुढं ढकलायचं नाही.

मशीन म्हणजे २०२१च्या महापुरानंतर घाईघाईनं उभा केलेला असेंबल्ड डेस्कटॉप. त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर (बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर), आत एकच मोठी डिस्क. चार वर्षं रोज रात्री अकराला यानं नऊ व्हर्च्युअल मशिनचा (व्हीएम, म्हणजे मुख्य सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं उभे केलेले संगणक) बॅकअप घेतलाय. आज झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, भुकटीचा थर, बोटानं खरवडला तर चिकट. मळीची वाफ आणि बगॅस मिळून असा थर हंगामात सगळीकडंच बसतो, पण इथं तो प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये नमद्यासारखा दाबून बसला होता.

डिस्क हे तातडीचं कारण, पण जुनी चूक वेगळीच आहे. हे मशीन मुख्य दोन सर्व्हरच्या शेजारी, त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर आहे. कारखाना पंचगंगेच्या काठाला. २०१९च्या ऑगस्टमध्ये वजनकाट्याच्या केबिनमध्ये कमरेएवढं पाणी होतं आणि आम्ही सीपीयू डोक्यावर घेऊन जिना चढलो होतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. तरी मूळ डेटा आणि त्याची प्रत आम्ही चार वर्षं एकाच जमिनीवर ठेवली.

डेटा काय आहे, हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढं ही नोंद वाचणाऱ्याला घाई का होती ते कळेल. काट्यावर तोललेल्या प्रत्येक गाडीचं वजन, सभासदांची ऊसनोंद, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, ऊसबिलं, शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. येत्या २०२५-२६च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागं ३५५ रुपये दर आहे. काट्याचा डेटा गेला तर बिल कशावर काढायचं? माणसाच्या दीड वर्षाच्या उसाचा पुरावा म्हणजे ती एक ओळ आहे.

बॉयलरचं अग्निप्रदीपन दसऱ्याला, २ ऑक्टोबरला. तोवर सगळं नव्या जागी हलवायचं. कार्यकारी संचालक साहेबांना दोन पानी टिपण दिलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी आलं तर हे वाचेल का?" मी हो म्हणाले. मंजुरी तोंडी मिळाली, लेखी उद्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपती बसलेत, ऑफिस निम्मं रिकामं. जुन्या मशिनवर सगळ्या स्नॅपशॉटचं (एकेका वेळच्या बॅकअप प्रतींचं) व्हेरिफिकेशन लावलं होतं, ते आज दुपारी संपलं. ५ चंक (बॅकअपचे तुकडे) खराब.

सहायक नवीन आहे, त्याला सांगितलं तेच इथं लिहिते. हा बॅकअप सर्व्हर व्हीएमच्या डिस्कचे ४ एमबीचे तुकडे करतो, प्रत्येकाचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारी ठशासारखी खूण) काढतो आणि त्याच नावानं तो चंक साठवतो. तोच तुकडा परत आला की दुसऱ्यांदा साठवत नाही, फक्त इंडेक्समध्ये नाव लिहितो. म्हणून चार वर्षांचे बॅकअप १.९ टीबीत मावलेत. पण त्याची दुसरी बाजूही आहे. एक चंक सडला तर त्याच्यावर उभे असलेले सगळे स्नॅपशॉट एकदम लंगडे होतात. पाच चंकांमुळं २३ स्नॅपशॉट नापास झालेत.

दिलासा एवढाच की खराब चंकाला सर्व्हर 'बॅड' असं शेपूट लावून बाजूला करतो, आणि मूळ व्हीएममध्ये तो डेटा अजून जसाच्या तसा असेल तर पुढच्या बॅकअपला चांगला चंक परत येऊन बसतो. जुने स्नॅपशॉटही मग आपोआप धड होतात. आज रात्री नऊच्या नऊ मशिनचे बॅकअप लावले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पाचपैकी चार चंक भरून आले. पाचवा जुन्या पगारपत्रकाच्या मशिनचा, ज्या फाइलचा तो होता ती आता तिथं नाही. त्यावर अवलंबून असलेले दोन स्नॅपशॉट काढून टाकले. तारखा आणि कारण रजिस्टरला लिहिलं, अकाउंट्सची सही घेतली. पगारपत्रकाची तीच महिन्याअखेर दुसऱ्या स्नॅपशॉटमध्ये आहे, हे दोघांनी मिळून उघडून बघितलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

जागा ठरली: शेती विभागाची जुनी दगडी इमारत, वरचा मजला. २०१९ला तिथं पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं, वर नाही. फायबर आधीच गेलेली आहे. तिथं एक वापरलेला, पण चांगल्या अवस्थेतला सर्व्हर बसवायचा, त्यावर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली), आणि बॅकअप सर्व्हर त्याच्यावर व्हर्च्युअल अप्लायन्स म्हणून, म्हणजे स्वतःच एका व्हर्च्युअल मशिनमध्ये.

व्हर्च्युअल कशाला, थेट लोखंडावरच, म्हणजे खऱ्या मशिनवरच, का नाही, असं इलेक्ट्रिकलच्या फोरमननी विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझी कारणं दोन. अपग्रेडच्या आधी अप्लायन्सच्या ३२ जीबीच्या सिस्टिम डिस्कचा स्नॅपशॉट घेता येतो, बिघडलं तर पाच मिनिटांत मागं. आणि उद्या हे लोखंड गेलं तर सिस्टिम डिस्क दुसऱ्या कुठल्याही होस्टवर (यजमान सर्व्हरवर) उभी करता येते. मात्र एक नियम मी मोडू देणार नाही: ज्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायचा त्याच सर्व्हरवर बॅकअपचं अप्लायन्स ठेवायचं नाही. तसं केलं तर ते घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होईल.

डेटाच्या डिस्कांबद्दल बराच विचार केला. होस्टवर झेडएफएस (डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल प्रणाली) करून व्हीएमला एक मोठी व्हर्च्युअल डिस्क देणं सोपं आहे. पण मी ८ टीबीच्या दोन डिस्क आख्ख्याच्या आख्ख्या व्हीएमला देणार आहे आणि झेडएफएस मिरर (दोन्ही डिस्कवर तीच प्रत) आतच बांधणार आहे. पूर आला आणि हाताशी फक्त त्या दोन डिस्क राहिल्या, तर त्या कुठल्याही साध्या मशिनला लावून पूल (डिस्कांचा एकत्र साठा) इम्पोर्ट करता आला पाहिजे. जोडीला मेटाडेटासाठी (कुठं काय आहे त्याच्या नोंदींसाठी) दोन छोट्या एसएसडी, त्याही मिररमध्येच. ही जोडी म्हणजे पुलाचा स्पेशल डिव्हाइस; तो गेला तर अख्खा पूल जातो, तो एकटा ठेवून चालत नाही.

मेमरीचा हिशेब: किमान ४ जीबी, आणि साठ्याच्या दर टीबीला आणखी १. ८ टीबीला १२. १६ दिली.

८ सप्टेंबर, सोमवार

सर्व्हर जागेवर बसला. आजपासून पितृपंधरवडा. चीफ अकाउंटंट काका सकाळीच येऊन बसले, "ताई, पक्ष लागलाय. नवीन काही सर्वपित्रीपर्यंत नको, घटस्थापनेला करू." वयानं आणि अनुभवानं मोठे आहेत, शिवाय २०१९ला चिखलातून रजिस्टरं काढून उन्हात पान न् पान वाळवणारे तेच. मी त्यांना म्हटलं, काका, नवीन काही करत नाही. जुनं आहे ते सुरक्षित जागी नेतेय. नव्यावर कारभार घटस्थापनेनंतरच सुरू करू. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "न्या. जपून न्या." खरं तर माझ्या वेळापत्रकातही चाचणीला दोन आठवडे होतेच.

दुपारी अप्लायन्स उभं केलं. गेल्याच महिन्यात आलेली आवृत्ती ४, डेबियन १३ (लिनक्स) वर. जुनं मशीन आवृत्ती ३ वर आहे. तिथल्या तिथं अपग्रेड करता आलं असतं, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर अपग्रेड करणं मला पटत नाही. बॅकअप नव्यानं ओढून घ्यायचे, जुन्याला हात लावायचा नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

सिंक, म्हणजे जुन्यावरचे बॅकअप नव्यावर आणणं, काल रात्री आठला सुरू केलं. नवं अप्लायन्स जुन्याकडून ओढतं, त्यासाठी जुन्यावर फक्त वाचायचा अधिकार असलेलं टोकन (प्रवेशाची खूण). वेग सेकंदाला ५० एमबीवर बांधला, कारण जुनी डिस्क आता पळवायची नाही. क्रमही ठरवून दिला: आधी काटा, मग ऊसबिल, मग शेतीनोंद, बाकीचे नंतर. मध्येच डिस्कनं मान टाकली तर जे सगळ्यात मोलाचं आहे ते पलीकडं पोचलेलं असावं.

काटा रात्री साडेनऊला पोचला, ऊसबिल एकच्या सुमाराला. मी दोनपर्यंत ऑफिसातच होते. पाऊस होता, जुन्या डिस्कचा मधूनच टक्-टक् आवाज यायचा आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा. सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी शेवटचा ग्रुप (एका मशिनचे सगळे स्नॅपशॉट) संपला. १.९ टीबी, नऊ लाखांवर चंक, एकही चूक नाही.

त्या डिस्कनं शेवटपर्यंत साथ दिली. चहा घेतला आणि घरी जाऊन झोपले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नव्या जागी व्हेरिफिकेशन: साडेपाच तास, सगळे पास. गार्बेज कलेक्शनला (कुणालाच न लागणारे चंक पुसायला) जुन्यावर चार तास लागायचे, इथं ११ मिनिटं. एसएसडीचे पैसे वसूल झाले.

प्रूनचं (जुने स्नॅपशॉट नियमानं काढायचं) काम लावलं: रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२. व्हेरिफाय दर रविवारी. जुन्याकडून रोज पहाटे सिंक चालूच राहील.

१५ सप्टेंबर, सोमवार

मुख्य सर्व्हरवर नवं अप्लायन्स स्टोरेज म्हणून जोडलं आणि सगळ्यात लहान व्हीएमचा चाचणी बॅकअप लावला. लगेच पडला: ओनर चेक फेल्ड. सिंकनं ओढलेले सगळे ग्रुप सिंक चालवणाऱ्या वापरकर्त्याच्या नावावर लागलेत, आणि बॅकअप घेणारं टोकन वेगळं आहे. दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये सर्व्हर लिहू देत नाही, ते बरोबरच आहे. नऊ ग्रुपचे मालक एकेक करून बदलले. दहा मिनिटांचं काम.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजची नोंद लांबणार आहे.

सहायकानं सकाळी रात्रीच्या कामांचा लॉग वाचायला घेतला. हे त्याला मी रोजचं ठरवून दिलंय, डॅशबोर्डवर हिरवं दिसलं तरी लॉग वाचायचा. प्रूनच्या लॉगमध्ये ऊसबिलाच्या ग्रुपखाली त्याला दोन ओळी खटकल्या. मार्च २०२३ आणि मार्च २०२४ अशा दोन तारखांपुढं 'रिमूव्ह'. "मॅडम, हे हंगामअखेरचे न्हवं?"

हंगामअखेरचेच. प्रत्येक हंगाम संपला, शेवटच्या गाडीचं बिल निघालं की त्या दिवसाचा स्नॅपशॉट आम्ही 'प्रोटेक्टेड' करून ठेवतो. लेखापरीक्षण, वाद, कोर्टकचेरी, कशालाही तो लागतो. जुन्या मशिनवर त्यांना कुलूप होतं, म्हणून तिथलं प्रून त्यांना कधी शिवलं नाही. पण सिंकमध्ये स्नॅपशॉट येतो, त्याचं कुलूप येत नाही. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, संरक्षण नव्या जागी हातानं लावायचं. मी ते पान वाचलं नव्हतं. नव्या ठिकाणी ते उघडे पडले, १२ महिन्यांच्या नियमात बसले नाहीत आणि गेले.

जुन्या मशिनवर ते आहेत, त्यामुळं नुकसान नाही, असं वाटून सिंक परत चालवलं. आले नाहीत. लॉग म्हणतो, आपल्याकडच्या सगळ्यात नव्या स्नॅपशॉटपेक्षा जुने आहेत, म्हणून वगळले. सिंक पुढचंच आणतं, मागं राहिलेलं भरत नाही. म्हणजे उद्या जुनं मशीन आनंदानं बंद केलं असतं, तर दोन हंगामांची अखेर कायमची गेली असती आणि दोन्हीकडं सगळं हिरवंच दिसत राहिलं असतं.

वाट सापडली. नव्या डेटास्टोअरमध्ये (बॅकअपच्या साठ्यात) 'हंगामअखेर' नावाचा वेगळा नेमस्पेस (कप्पा) केला आणि फक्त ऊसबिलाचा ग्रुप त्यात नव्यानं ओढला. तिथं आधीचं काहीच नसल्यामुळं वगळायचा प्रश्न येत नाही. चंक सगळे डेटास्टोअरमध्येच होते, कारण प्रून फक्त इंडेक्स काढतं. चंक नंतर गार्बेज कलेक्शन काढतं, तेही २४ तास ५ मिनिटं ज्यांना कुणी शिवलेलं नाही तेवढेच. त्यामुळं ओढायला वेळ लागला नाही आणि जागाही वाढली नाही. तिन्ही हंगामअखेरींना लगेच कुलूप लावलं, त्या नेमस्पेसला प्रूनमधून वगळलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

रात्रभर हेच डोक्यात होतं. माझं घर दोनदा बदललंय. टेम्पोत पोती, भांडी, कपाटं सगळं नीट जातं. मागं राहतं ते वेगळंच: कुठल्या डब्यात काय, कुठल्या किल्लीनं काय उघडतं, कुठल्या पोत्याला हात लावायचा नाही. ते सासूबाईंच्या डोक्यात असतं, टेम्पोत नसतं. इथंही तेच झालंय. डेटा बिनचूक पोचला. त्याच्याबद्दल चार वर्षांत आम्ही जे जे ठरवलं होतं, मालक कोण, राखायचं काय, ते जुन्या घरीच राहिलं.

म्हणून आज संगणकाला हात न लावता कागद घेऊन बसलो. जुन्या मशिनवरचं प्रत्येक पान उघडायचं आणि इथं चंक सोडून काय काय आहे ते लिहायचं. वापरकर्ते, टोकन, परवानग्या, वेळापत्रकं, ईमेल कुणाला जातो, स्नॅपशॉटवर लिहिलेल्या टिपा, संरक्षण. तीन पानं भरली. ईमेल अजून निवृत्त झालेल्या साहेबांच्या पत्त्यावर जात होता, तो बदलला.

नंतरची भर: यादीत एक गोष्ट सुटली होती. ती शनिवारी कळली.

२० सप्टेंबर, शनिवार

काल रात्री पहिल्यांदा नऊच्या नऊ मशिनचे बॅकअप नव्या अप्लायन्सवर लावले. नव्या स्टोरेजवरचा पहिला बॅकअप सावकाश होणार हे माहीत होतं. कुठले ब्लॉक बदलले याची खूण व्हीएमकडं त्या स्टोरेजसाठी नसते, म्हणून आख्खी डिस्क वाचावी लागते. पण वाचलं तरी पाठवायचं थोडंच, कारण ९०-९५ टक्के चंक तिथं आधीच आहेत.

सकाळी बघते तर डेटास्टोअर १.९ वरून २.६ टीबी. लॉगमध्ये प्रत्येक व्हीएमपुढं रीयूज्ड (परत वापरलेले चंक) जवळजवळ शून्य. आधीपासून तिथं असलेला चंक त्याला ओळखताच आला नाही.

थोड्या वेळानं उमगलं आणि हात गार पडले. आमचे बॅकअप २०२२पासून एन्क्रिप्टेड (गुप्त किल्लीनं बंद) आहेत, शेतकऱ्यांचे खाते क्रमांक असल्यामुळं. किल्ली बॅकअप सर्व्हरवर नसते, मुख्य सर्व्हरवर, स्टोरेजच्या नावानं एका फाइलीत असते. सोमवारी नवं स्टोरेज जोडताना एन्क्रिप्शनच्या खिडकीत मी सवयीनं 'नवी किल्ली तयार करा' निवडलं. किल्ली वेगळी म्हणजे तोच डेटा वेगळा दिसणार, जुळणी होणार नाही. हे जागेचं झालं. त्याहून वाईट म्हणजे नव्या स्टोरेजवरून जुना स्नॅपशॉट रिस्टोअर करायला गेले तर किल्ली जुळत नाही म्हणून नकार. तीन वर्षांचे बॅकअप डोळ्यांसमोर, आणि या दारातून उघडत नाहीत.

जुनी किल्ली मुख्य सर्व्हरवर जुन्या स्टोरेजच्या नावाखाली होतीच. नवी काढून ती नव्या नावाला जोडली, रिस्टोअर चालू झालं. कालचे आणि सोमवारच्या चाचणीचे स्नॅपशॉट काढून टाकले, उद्याच्या गार्बेज कलेक्शनमध्ये जागा मोकळी होईल. संध्याकाळी परत बॅकअप: रीयूज्ड ९६ टक्के.

पण ही किल्ली आहे कुठं? दोन मुख्य सर्व्हरवर, क्लस्टरमुळं (दोन्ही एकत्र जोडल्यामुळं) दोन्हीकडं तीच. दोन्ही सर्व्हर खालच्या खोलीत. ती खोली बुडाली तर वरच्या मजल्यावर सुरक्षित राहिलेले १.९ टीबी कुणालाही वाचता येणार नाहीत. त्यासाठीच २०२२ला कागदावर छापून ती तिजोरीत ठेवली होती. सोमवारी तिजोरी उघडून घ्यायची.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. कॅशिअर अण्णांनी दोन किल्ल्या लावून तिजोरी उघडली. पाकीट मागच्या कप्प्यात, लाखेची मोहोर शाबूत, वर माझीच सही आणि तारीख. पाकीट हातात घेतलं तेव्हाच कळलं. मऊ लागत होतं.

तिजोरीची मागची भिंत पावसाळ्यात ओल धरते. छापलं होतं इंकजेटवर. क्यूआर कोडच्या चौकोनांची शाई एकमेकांत पसरून निळसर डाग झाला होता, मोबाइल तो ओळखेना. खाली किल्लीचा मजकूर अक्षरांत आहे, तो बराचसा दिसत होता. भिंगातून बघत सहायकानं वाचला आणि मी टाइप केला. पण मोठा आय की छोटा एल, शून्य की ओ? अशी सात ठिकाणं. एक अक्षर चुकलं तरी ती किल्ली नव्हे. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा किल्ली लागली नाही.

अण्णा म्हणाले, "म्हंजे आमी तीन वर्सं कोरा कागद सांभाळला व्हय?"

त्यांनी चोख सांभाळला होता. दोष छापणारीचा. मी एकदाही तो कागद घेऊन किल्ली बनवून बघितली नव्हती.

२३ सप्टेंबर, मंगळवार

किल्ली पुन्हा छापली. या वेळी अकाउंट्सच्या लेझर प्रिंटरवर, जाड कागदावर, क्यूआर मोठा, मजकूर मोठ्या टाइपात. तीन प्रती, प्रत्येक वेगळ्या सीलबंद प्लास्टिकच्या पाकिटात. एक तिजोरीत, पण मागच्या भिंतीला टेकून नाही. एक कार्यकारी संचालकांच्या ताब्यात, बँकेच्या लॉकरला. एक तालुक्याच्या गट कार्यालयातल्या लोखंडी कपाटात. कुणाकडं काय आहे त्याची नोंद आवक-जावक रजिस्टरला. वर्षातून एकदा, ओल धरण्याआधी म्हणजे मे महिन्यात, प्रत्येक प्रत स्कॅन करून तपासायची, हे विभागाच्या कामाच्या यादीत कायमचं घातलं.

काकांना सांगितलं होतं त्याप्रमाणं आजपासून रोजचा बॅकअप नव्यावर. जुनं मशीन चालू, पण त्यावर नवं काही लिहायचं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

खरी परीक्षा आज घेतली. मुख्य सर्व्हर नाहीतच असं धरायचं. एका रिकाम्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स नव्यानं घातलं. त्याला कशाचीच ओळख नाही. हातात फक्त अप्लायन्सचा पत्ता, पासवर्ड आणि गट कार्यालयातून मागवलेलं पाकीट. क्यूआर पहिल्या झटक्यात वाचला, किल्ली जुळली, काट्याचं मशीन रिस्टोअरला लावलं. १२० जीबी, ३४ मिनिटं.

चालू करण्याआधी नेटवर्कची तार काढली, म्हणजे व्हीएमच्या नेटवर्क कार्डची लिंक बंद केली. काट्याचं मशीन जागं झालं की वाट बघत असलेले एसएमएस पाठवायला घेतं. मार्चमधल्या उसाच्या वजनाचा निरोप सप्टेंबरमध्ये हजारो शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जाता कामा नये. शिवाय तोच आयपी पत्ता असलेलं खरं मशीन खाली चालू आहे.

काट्यावरचे आप्पा येतील म्हणाले होते, आले. तीस हंगाम काट्यावर काढलेत. सॉफ्टवेअर चालू झालं, लॉगिन झालं, पण मी त्यांना म्हटलं, तुम्ही सांगितल्याशिवाय मी पास म्हणणार नाही. त्यांनी पिशवीतून गेल्या हंगामातल्या कार्बन पावत्यांचं पुस्तक काढलं, मधलंच एक पान उघडलं आणि पावती क्रमांक सांगितला. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. मी शोधलं. आप्पा पावतीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत गेले.

"भरलेली?"

३१.२४०.

"रिकामी?"

९.८६०.

"निव्वळ?"

२१.३८० टन.

"बराबर. येळ काय दावतंय?"

रात्री २ वाजून १७ मिनिटं. पावतीवरही तीच. आप्पांनी अशा बारा पावत्या काढल्या, प्रत्येक महिन्यातल्या, आणि एक खाडाखोड झालेली, जिचं वजन फेरकाट्यावर बदललं होतं. तिच्या दोन्ही नोंदी सापडल्या. मग पुस्तक मिटून म्हणाले, "हाय. समदं हाय."

हंगामअखेरच्या नेमस्पेसमधून मार्च २०२३चं ऊसबिलही उभं केलं. अकाउंटंट काकांनी छापील ताळ्याशी एकूण टनेज आणि एकूण रक्कम ताडून बघितली. पैशापर्यंत जुळलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

तिसरी प्रत. बाहेरच्या दोन यूएसबी डिस्क, काढता येण्याजोगं डेटास्टोअर म्हणून. दर शनिवारी एक लावायची, सिंक होऊ द्यायचं, काढून गट कार्यालयाच्या गाडीनं पाठवायची, दुसरी परत आणायची. पहिली आज गेली. किल्लीचं पाकीट आणि ही डिस्क एकाच कपाटात नकोत, हे सहायकाच्या लक्षात आलं. पाकीट गट अधिकाऱ्यांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात हलवलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा. मिलच्या रोलरपासून फिटरच्या पान्यांपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू. आप्पा काट्याची पूजा आटोपून झेंडूची माळ घेऊन दगडी इमारतीचा जिना चढून वर आले. या वयात तो जिना सोपा नाही. सर्व्हरला हवा पुढून आत जाते आणि मागून बाहेर पडते, तेवढं सांगितलं. त्यांनी माळ रॅकच्या दाराच्या मुठीला बांधली आणि हात जोडले. मीही जोडले.

रात्रीचा बॅकअप: नऊपैकी नऊ. रीयूज्ड ९८ टक्के.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ९ वाजता अग्निप्रदीपन झालं. त्याआधी पावणेआठला जुनं मशीन बंद केलं. डिस्क काढून अँटिस्टॅटिक पिशवीत घातली, वर चिठ्ठी: कधीपासून कधीपर्यंत वापरली, काय आहे, ३१ मार्च २०२६ नंतर पुसायची, त्याआधी पुसायची नाही. पेंडिंग सेक्टर आज ११२.

पुढची रिस्टोअर चाचणी पहिल्या पंधरवड्याची ऊसबिलं निघायच्या आधी, आप्पांच्या पावतीपुस्तकासह. पाकीट या वेळी बँकेच्या लॉकरमधलं मागवायचं.